सायकलची सहल आणि आपल्या कारागिरांची रोजी

सायकलवर बसून सुट्टी घालवायला लोक पैसे मोजतात, हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले होते. माझे वडील सायकलच्या कॅरिअरवर लुगडी, लुंग्या आणि गमछे यांचे गाठोडे बांधून सावनेर, कळमेश्वर, काटोलकडचे आठवडी बाजार करीत. डबल दांडीची सायकल, मागे मण-दीड मण वजन आणि वाटेत ओळखीच्या पाटलाच्या ओसरीवर मुक्काम. चार दिवसांनी घरी परतत तेव्हा त्यांचे पाय सुजलेले असत. ही मेहनत कोणी हौसेने करील आणि वर त्यासाठी पैसेही देईल, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी त्याला दुकानातून उठवलेच असते.

पण धंदा करणाऱ्याने हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. युरोपात हा आज मोठा व्यवसाय आहे, आपल्या कोकणात तो लहान प्रमाणावर सुरू झालेला आहे आणि नागपूरच्या आसपासही हिवाळ्यात सकाळी-सकाळी हेल्मेट घातलेली मंडळी रामटेकच्या वाटेला लागलेली दिसतात. या धंद्यात शिंपी, तिरपालवाला, सायकल मिस्त्री, खानावळवाला, कापडवाला या सर्वांचे थोडे-थोडे काम आहे. म्हणून वाचक बंधूंसमोर तो जरा तपशिलाने मांडतो. माझे स्वतःचे यात थोडे नुकसान झालेले आहे, तेही पुढे सांगतो.

प्रथम युरोपची पद्धत पाहू. तिकडे दोन प्रकारच्या सायकल सहली असतात. एकात दहा-पंधरा लोकांचा जथा असतो आणि पुढे एक वाटाड्या चालतो. दुसऱ्या प्रकारात वाटाड्या नसतो. नवरा-बायको, बाप-लेक किंवा दोन-तीन दोस्त आपल्या चालीने निघतात. वाटेल तिथे थांबतात, वाटेल तेव्हा पुढे जातात. कंपनीचे काम ते निघण्यापूर्वीच जवळजवळ संपलेले असते. तिने रस्ता निवडलेला असतो, दर मुक्कामाची खोली ठरवलेली असते, भाड्याची सायकल उंचीप्रमाणे बसवून ठेवलेली असते आणि कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे वळायचे याची वही हातात दिलेली असते. आता वहीऐवजी हे सारे मोबाइलमध्येच भरून मिळते. रोज सकाळी सामानाची पेटी खोलीच्या दाराशी ठेवायची. कंपनीची गाडी ती उचलते आणि संध्याकाळी पुढच्या गावच्या खोलीत ती पेटी हजर असते. अडचण आली तर फोन करायला एक नंबर. बस्स, एवढेच. गिऱ्हाईक पैसे कशाचे देते? सायकल तर त्याच्या घरीही आहे, रस्ता सरकारचा आहे. तो पैसे देतो भरवशाचे. संध्याकाळी अंघोळीला गरम पाणी, जेवण आणि आपली पेटी मिळणारच, या खात्रीचे.

याचा सर्वांत नावाजलेला रस्ता म्हणजे डॅन्यूब नदीच्या काठचा. जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर. रोज ४०-६० किलोमीटर चालवत लोक तो आठवडाभरात पुरा करतात. नदीच्या काठाने जायचे असल्यामुळे चढ फारसा नाही, म्हणून साठीतली माणसेही निघतात. फ्रान्समध्ये लोआर नदीच्या काठी असाच मार्ग आहे. हॉलंड सपाट आहे, तिथे त्रास देतो तो समोरचा वारा. इटलीतील टस्कनीत मात्र टेकड्याच टेकड्या, तिथे आता बॅटरीच्या सायकली फार चालतात. ‘युरोव्हेलो’ या नावाने सबंध खंडभर १७ लांब मार्ग आखलेले आहेत. त्यांतला सहावा मार्ग अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत चार हजार किलोमीटरहून जास्त जातो.

बेल्जियमची एक युक्ती मला फार आवडली. तिथल्या लिंबर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या. खाणीच्या बोगद्यांत वाट चुकू नये म्हणून फाट्यांना नंबर देतात, हे ध्यानात घेऊन एका खाण इंजिनिअरने सायकलच्या रस्त्यांवरील प्रत्येक फाट्याला नंबर देण्याची कल्पना काढली. १९९५ पासून ती अमलात आली आणि पुढे हॉलंडमध्येही पसरली. सायकलवाला एका चिठ्ठीवर १२, ४५, ४६, ७ असे आकडे लिहितो, ती हँडलला चिकटवतो आणि पाटीवरचा आकडा पाहत पुढे जातो. भाषा यायला नको, नकाशा वाचायला नको. आपल्या वऱ्हाड-नागपूर भागातही कोळशाच्या खाणी काही कमी नाहीत, पण असा विचार आपल्यापैकी कोणाला सुचला नाही.

जर्मनीत सायकलस्वारांच्या संघटनेने १९९५ पासूनच ‘बेट अँड बाइक’ नावाची योजना चालवली आहे. खोल्या देणाऱ्यांनी त्यात नाव नोंदवायचे. अटी महालाच्या नाहीत. एका रात्रीपुरताही मुक्काम द्यावा, सायकल ठेवायला कुलूपबंद जागा असावी, ओले कपडे वाळवायची सोय असावी, नाश्ता भरपेट असावा, दुरुस्तीची चार अवजारे असावीत, अशा साध्या गोष्टी आहेत. अशी हजारो ठिकाणे आज त्या यादीत आहेत. या अटी मी मुद्दाम लिहिल्या, कारण त्यातली कोणतीही गोष्ट आपल्या माणसाच्या ऐपतीबाहेरची नाही.

आता पैशाचे. युरोपियन संसदेसाठी २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात सायकल पर्यटनाची वर्षाची उलाढाल सुमारे ४४ अब्ज युरो धरली होती. आकडा मोठा आहे, पण तो उलगडून पाहिला तर एक वेगळीच गोष्ट दिसते. मुक्कामाच्या सहली जवळपास दोन कोटी आणि त्यांचा खर्च सुमारे नऊ अब्ज. उरलेला सारा पैसा सकाळी निघून संध्याकाळी घरी परतणाऱ्यांचा! ते एकेकटे थोडेच खर्च करतात. चहा, जेवण, एखादे पंक्चर. पण ते संख्येने अफाट आहेत. तेव्हा ज्याला या धंद्यात हात घालायचा असेल त्याने एकदम आठ दिवसांच्या सहलीची स्वप्ने न पाहता आधी एका दिवसाच्या सहलीचे गिऱ्हाईक बघावे, असे माझे मत त्यावरून झाले आहे.

आपल्याकडे युरोपच्या जवळ जाणारा रस्ता आहे तो कोकणच्या किनाऱ्याचा. रेवस ते रेडी अशा सागरी मार्गाची कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० ते ८२ मधली. तो मार्ग सलग पुरा झाला नाही. खाड्या आडव्या येतात. पण गाड्यांना जे गैरसोयीचे, ते सायकलवाल्यांना फार मानवले. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरायचे, अलिबाग, रेवदंडा, मुरुड करीत आगरदांड्याला यायचे आणि फेरीबोटीने दिघीला पार व्हायचे. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वीला बोट. मग केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळहून धोपाव्याला बोट, गुहागर, हेदवी, आणि तवसाळहून जयगडला बोट. गणपतीपुळे, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी गोवा. साडेपाचशे-सहाशे किलोमीटरची ही वाट. महामार्गाचे ट्रक नाहीत, एका बाजूला समुद्र, आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरला चहा मिळेल असे गाव. मात्र सपाट म्हणून कोणी फसू नये. प्रत्येक खाडीपाशी उतार आणि पलीकडे पुन्हा छाती फोडणारा चढ आहे. डॅन्यूबचा काठ हा नव्हे.

मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ या सर्व गावांत आपले मोहल्ले आहेत. मुरुडसमोर जंजिरा, दाभोळच्या बंदरावर आदिलशाही काळातली दगडी मशीद. घरातले कर्ते पुरुष आखातात आणि चौसोपी घरातल्या खोल्यांना कुलूप, अशी घरे तिकडे मी स्वतः पाहिली आहेत. निवास-न्याहारी योजना अशाच घरांसाठी आहे. आपल्या राहत्या घरातल्या खोल्या नोंदवून पाहुणा ठेवता येतो. तांदळाची भाकरी आणि ताजे मासे हे तर तिथे रोजचेच जेवण. सायकलवरून दमून आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. संडास-बाथरूम स्वच्छ आणि स्वतंत्र हवे. बायका-मुली सोबत असलेले कुटुंब खोलीच्या आधी तेच पाहते आणि ते पसंत पडले नाही तर गादी कितीही मऊ असो, पुन्हा येत नाही.

नागपूरचा हिशोब वेगळा. आपल्याकडे समुद्र नाही आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आपला हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त चार महिने. पण ते चार महिने उत्तम. एक दिवसाची सहल म्हणून मी सुचवीन ती अशी : कोराडी, पाटणसावंगीवरून ताजुद्दीन बाबांच्या वास्तव्याने ओळखले जाणारे वाकी, तिथून विदर्भाचे पंढरपूर म्हणवणारे धापेवाडा, जवळच आदासा, आणि कळमेश्वरवरून परत. सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. धापेवाड्याच्या पुढचा परिसर संत्र्याच्या बागांचा. आंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर चालते, म्हणजे नेमकी हंगामात. बागेच्या बांधावर बसवून ताजी संत्री खाऊ घालणारा बागायतदार भेटला तर मुंबई-पुण्याचा माणूस त्याचे पैसे आनंदाने देईल. कृषी पर्यटनाचे राज्याचे धोरण २०२० मध्ये आलेले आहे, बागवाल्यांनी त्याची माहिती घ्यावी.

रामटेकला लोक जास्त जातात. साधारण ५० किलोमीटर, खिंडसीचा तलाव आहे, मुक्काम करून पुढे पेंचच्या सिल्लारी फाटकापर्यंतही जातात. परंतु तो रस्ता जबलपूरचा महामार्ग आहे. कन्हान ओलांडताच कोळशाचे आणि मालाचे ट्रक सुरू होतात. नवख्याला तिकडे पाठवू नये. सेवाग्रामचा आश्रम १९३६ पासूनचा, नागपूरहून ७५ किलोमीटरच्या आसपास. गांधीजींचे ठिकाण सायकलवर जाऊन पाहणे शोभून दिसते. तिथेही थोरला हमरस्ता टाळून आतले रस्ते शोधून देणे, हेच खरे काम आहे. आतले रस्ते कोणाला माहीत? ज्यांनी आठवडी बाजार केले त्यांना. फिरती करणारे आपले जुने कापडवाले, बांगडीवाले, भांड्यांना कल्हई करणारे यांच्या डोक्यात जो नकाशा आहे तो कोणत्याही मोबाइलमध्ये नाही. कोणत्या नाल्याला पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत पाणी राहते, कोणत्या गावची कुत्री सायकलमागे लागतात, हेसुद्धा ते सांगतील. त्यांच्याजवळ बसून कोणी होतकरू पोराने हे लिहून काढावे.

आता ज्याला जे काम जमेल ते पाहू. सायकल मिस्त्रीपासून सुरुवात करतो, कारण त्याची अवस्था सर्वांत वाईट आहे. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने नागपूरच्या गल्लोगल्ली होती, आता शोधावी लागतात. ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, आणि तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. साधी सायकल गेली आणि गिअरची आली, पण आपला मिस्त्री जुन्याच हत्यारांवर राहिला. या नव्या सायकलींपैकी पुष्कळांच्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असतो. त्याला आपला पंप लागत नाही. पितळेचे एक लहानसे बोंडूक मिळते, ते वर फिरवले की साधा पंप चालतो. किंमत अगदी किरकोळ, पण ते जवळ नसल्यामुळे मनसर-मौद्याच्या दुकानांतून गिऱ्हाईक परत जाते. ते बोंडूक, वेगवेगळ्या मापांच्या चार ट्यूब, डिस्क ब्रेकचे पॅड, साखळीची जोडकडी आणि थोडे स्पोक एवढे एका डब्यात ठेवले तरी हायवेवरचा मिस्त्री या मंडळींच्या यादीत जातो. एकदा नाव यादीत गेले की ती मंडळी आपसांत सांगतात, जाहिरात करावी लागत नाही.

कापडवाल्यांनी ध्यानात घ्यायचे ते हे की सायकलवाला जड वस्तू विकत घेत नाही. भंडाऱ्याच्या पुढे मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचे विणकाम चालते. दोन दिवसांच्या सहलीत माग पाहायला नेले तर लोक भारावून जातात, पण सहावारी साडी कॅरिअरवर कोण वाहणार? तिथे स्टोल, रुमाल, मफलर असा हलका माल पुढे ठेवावा, आणि साडी पाहिजे असेल तर पत्ता लिहून घेऊन पार्सल घरपोच पाठवावे. दुसरी एक कल्पना माझ्या डोक्यात आहे. कापडावर छापलेला नकाशा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या वैमानिकांना रेशमावर छापलेले नकाशे दिले होते, कारण कापड घामाने, पावसाने फाटत नाही आणि घडी कुठेही मावते. वाकी-धापेवाड्याची वाट एका सुती रुमालावर छापली तर नकाशाही झाला, घाम पुसायलाही झाला. फक्त रंग पक्का पाहिजे.

रंगाचा विषय निघाला म्हणून माझे नुकसान सांगतो. नागपुरातला एक गट कोकणच्या वाटेने जाणार होता. त्यांना कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या हव्या होत्या. बाहेरच्या पिशव्या फार महाग पडतात, तेव्हा आपण बनवून द्याल का, असे विचारत ते माझ्याकडे आले. मी मोठ्या उत्साहाने १२ जोड्यांचे काम घेतले. जाड सुती कॅनव्हास घेतला, मोमीनपुऱ्यातल्या एका हुशार कारागिराकडून शिवून घेतला आणि लोहाराकडून आकडे वाकवून घेतले. पहिल्या नमुन्यात पॅडल मारताना टाच पिशवीला आपटू लागली. आम्ही दोघांनीही पिशवी टेबलावर पाहिली होती, सायकलवर नव्हे. मग पुढचा कोपरा तिरपा कापला. दुसरा नमुना रामटेकला जाऊन आला, ठीक निघाला. गट ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला आणि श्रीवर्धनच्या आसपास परतीच्या पावसाने त्यांना दोन दिवस झोडपले. शिवणीच्या प्रत्येक भोकातून पाणी आत गेले. ते एक वेळ चालले असते. पण कॅनव्हासचा खाकी रंग सुटला आणि सर्वांच्या पांढऱ्या बनियनींवर उतरला. तीस वर्षे कापडात घालवलेल्या माणसाने रंग भिजवून पाहिला नाही! शिंप्याचा यात काही दोष नव्हता. अर्धे पैसे मी परत केले आणि उरलेल्या अर्ध्याची लाज अजून वाटते.

त्यानंतर मी शोध घेतला तेव्हा जर्मनीची एक हकीकत कळली. हार्टमुट ऑर्टलिब नावाचा एक तरुण १९८१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सायकलवर फिरत असताना पावसात असाच भिजला होता. जवळून जाणाऱ्या ट्रकवरची तिरपाल आतला माल कोरडा ठेवते आहे, हे त्याने पाहिले. घरी जाऊन त्याने ट्रकच्या तिरपालाचे कापड आणले आणि आईच्या शिलाई मशीनवर पिशव्या शिवल्या. १९८२ मध्ये त्याने कंपनी काढली. आज सायकलवाल्यांच्या दुनियेत त्या पिशव्या सर्वांत पक्क्या मानल्या जातात. पुढे त्यांनी शिवण सोडून जोड गरम करून चिकटवण्याची पद्धत घेतली, म्हणजे भोकच नाही. आणि तोंडाला चेन न लावता ते तीन-चार वेळा गुंडाळून बकल लावायचे, त्यामुळे पाणी वरूनही जात नाही.

हे वाचून मी वाडीला गेलो. अमरावती रोडवरच्या त्या ट्रान्सपोर्टच्या वस्तीत ट्रकची तिरपाल शिवणारे, जोडणारे, ठिगळ लावणारे आपले किती तरी कारागीर बसलेले आहेत. पीव्हीसीचा थर दिलेले कापड त्यांच्या हातातले, गरम हवेच्या बंदुकीने जोड चिकटवणेही त्यांना येते. काम मात्र पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन महिने भरपूर आणि बाकी वर्ष मंदी. सायकलची पिशवी हे नेमके मंदीच्या महिन्यांतले काम आहे, कारण सायकलवाल्यांचा हंगाम हिवाळ्याचा. एका ट्रकच्या तिरपालातून उरणाऱ्या तुकड्यांतही एक-दोन पिशव्या निघतात. अडचण आहे ती आकड्यांची. प्रत्येक कॅरिअरची सळई सारख्या जाडीची नसते, आकडा सैल राहिला तर खड्ड्यात पिशवी उडते. खालच्या बाजूला आणखी एक अटकाव हवा, नाही तर ती चाकाकडे झोके घेते. वजन दोन्ही बाजूंना सारखे भरायचे, हे गिऱ्हाइकालाही समजावून द्यावे लागते. मागे चमकणारी पट्टी लावली तर रात्री ट्रकवाल्याला दिसते. ज्या कारागिराने स्वतः कधी सायकलवर सामान बांधलेले नाही, त्याला हे सांगूनही पटत नाही, म्हणून मी प्रत्येकाला आधी एक फेरी मारून यायला सांगतो.

कोकणात सायकल नेण्याची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात, म्हणून तेवढे सांगून ठेवतो. रेल्वेत पार्सल ऑफिसमध्ये नोंद केली की सायकल ब्रेक व्हॅनमधून जाते. हँडल आडवे करावे, पॅडल काढून ठेवावेत आणि गिअरच्या बाजूला जुन्या रजईचा तुकडा बांधावा. गाडीच्या वेळेच्या बरेच आधी जावे. हे पॅकिंग करून देण्याचे कामही स्टेशनजवळच्या एखाद्या हमालाला किंवा मिस्त्रीला मिळू शकते.

सध्या तिसऱ्या नमुन्याची एक जोडी माझ्या भाच्याच्या सायकलला लावलेली आहे. कापड वाडीचे, जोड गरम करून चिकटवलेले, आकड्यांच्या आत रबराची नळी घातलेली. आत वर्तमानपत्राचे कागद भरले आहेत, म्हणजे थेंबभर पाणी गेले तरी कळेल. बादलीने पाणी ओतून पाहिले, कागद कोरडे निघाले. पण नळाचे पाणी आणि कोकणचा पाऊस यांत फरक आहे. पावसाळ्यात भाचा ती घेऊन आठ दिवस श्रीवर्धनला आपल्या दोस्ताकडे जाणार आहे. कागद कोरडे परत आले तर त्या गटाला १२ जोड्या बदलून द्यायच्या, फुकट, असे मी आणि वाडीच्या कारागिराने मिळून ठरवले आहे.